जॉन वुडन: दोन तासांच्या सरावासाठी दोन तासांची तयारी

तीन इंच बाय पाच इंचाचं एक कार्ड. बास्केटबॉल प्रशिक्षक जॉन वुडन यांच्या अख्ख्या सरावाचा आराखडा त्यावर मावायचा. कोणतं ड्रिल, म्हणजे एकाच कौशल्याचा ठरावीक सराव, किती वाजून किती मिनिटांनी सुरू करायचं, कधी थांबवायचं, कोण कोणत्या बास्केटखाली उभा राहणार, त्याच्याबरोबर कोण. त्या जागी किती चेंडू लागतील हेसुद्धा ठरलेलं असायचं, कारण चेंडू आणायला मुलं धावली तर अर्धं मिनिट गेलं, आणि दोन तासांत अशी वीस अर्धी मिनिटं गेली की दहा मिनिटांचं ड्रिल गेलं. सकाळी सहायकांबरोबर जवळजवळ दोन तास बसून हे कार्ड तयार व्हायचं, ते दुपारच्या दोन तासांच्या सरावासाठी. सराव संपला की काय जमलं, काय फसलं याची नोंद वहीत. या वह्या त्यांनी वर्षानुवर्षं जपल्या. अमुक तारखेला गेल्या वर्षी आपण काय घेतलं होतं, हे त्यांना वही उघडून सांगता यायचं.

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये मुख्य प्रशिक्षकाची कारकीर्द म्हटली की वुडन यांचे आकडे आधी येतात. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात २७ हंगाम, ६२० विजय, १४७ पराभव. शेवटच्या १२ हंगामांत १० राष्ट्रीय विजेतेपदं, त्यांतली सात ओळीने. एकही सामना न हरलेले चार हंगाम. १९७१ ते १९७४ या काळात सलग ८८ विजय. हे सगळं खरं आहे. पण यूसीएलएमधली पहिली १५ वर्षं एकही राष्ट्रीय विजेतेपद नव्हतं, याकडे माझ्या मते फार कमी लक्ष जातं. ज्याला हे काम शिकायचंय त्याने ती १५ वर्षं आधी वाचावीत.

वुडन इंडियानाचे. जन्म १९१०, बालपण शेतावर. पर्ड्यू विद्यापीठात गार्ड म्हणून खेळले, तीनदा ऑल-अमेरिकन (देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूंपैकी एक) झाले, १९३२ मध्ये इंग्रजीची पदवी घेऊन बाहेर पडले. पहिली नोकरी केंटकीतल्या डेटन हायस्कुलात, इंग्रजी शिकवायचं आणि खेळांचे संघही सांभाळायचे. पहिल्या हंगामात ६ विजय, ११ पराभव. इतका मोठा खेळाडू, तरी शिकवायला लागल्यावर हरला, कारण आपल्याला जे सहज येतं ते दुसऱ्याला कसं येईल हे वेगळंच शास्त्र आहे. नंतर साउथ बेंडच्या हायस्कुलात नऊ वर्षं, मग युद्धात नौदल.

१९४६ मध्ये ते इंडियाना स्टेट टीचर्स कॉलेजात आले. १९४७ मध्ये त्यांच्या संघाला एका राष्ट्रीय स्पर्धेचं निमंत्रण आलं, पण स्पर्धेत कृष्णवर्णीय खेळाडूंना बंदी होती आणि संघात क्लॅरन्स वॉकर होता. वुडन यांनी निमंत्रण नाकारलं. पुढच्या वर्षी बंदी उठली, वॉकर खेळला, संघ अंतिम फेरीत पोचला आणि लुइव्हिलकडून हरला. वॉकर संघातला मुख्य खेळाडू नव्हता, बदली खेळाडू होता. म्हणून हा निर्णय मला जास्त मोलाचा वाटतो.

१९४८ मध्ये मिनेसोटा आणि यूसीएलए दोन्हीकडून बोलावणं होतं. वुडन यांचा ओढा मिनेसोटाकडे होता, पण बर्फाच्या वादळामुळे तिथला फोन ठरलेल्या वेळी आला नाही. यूसीएलएचा आला आणि त्यांनी शब्द दिला. मिनेसोटाचा फोन नंतर लागला, पण दिलेला शब्द त्यांनी मोडला नाही. पगार वर्षाला ६,००० डॉलर. सुरुवातीची काही वर्षं ते सकाळी एका डेअरीत गाड्या रवाना करायचं काम करत आणि मग कॉलेजात येत.

सरावाची जागा म्हणजे वरच्या मजल्यावरची जुनी व्यायामशाळा. शेजारी जिम्नॅस्टिक्स, कुस्ती, सगळं एकाच वेळी. फरशीवर धूळ असायची. वुडन आणि मॅनेजर मुलं सरावाआधी स्वतः ओला पोछा मारायचे, कारण धुळीवर बूट घसरतो आणि बूट घसरला की अचानक थांबणं, वळणं काहीच शिकवता येत नाही. पुढे अग्निशमन विभागाने तिथल्या प्रेक्षकसंख्येवर मर्यादा घातली, तेव्हा घरचे सामने शहरातल्या दुसऱ्यादुसऱ्या सभागृहांत खेळावे लागले. नवी इमारत, म्हणजे पॉली पॅव्हिलियन, १९६५ मध्ये मिळाली. तोवर दोन विजेतेपदं जिंकून झाली होती.

१९५९-६० चा हंगाम १४ विजय आणि १२ पराभवांचा. इथे त्या वह्या कामी आल्या. त्यांनी मागच्या हंगामांच्या नोंदी काढून पाहिल्या तेव्हा लक्षात आलं की हंगामाच्या अखेरीस संघ दमलेला असतो. सराव फार जड होत होता, शिकवायच्या गोष्टी फार होत्या, आणि खूप जणांना आलटून पालटून खेळवल्याने मुख्य खेळाडूंचा मेळ बसत नव्हता. पुढे त्यांनी सामन्यात सात-आठ जणांवर भर दिला आणि बाकीच्यांना त्यांची भूमिका स्पष्ट सांगितली. प्रत्येक उन्हाळ्यात एकच विषय घ्यायचा, उदाहरणार्थ फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारा मोकळा शॉट), त्यात चांगले असलेल्या प्रशिक्षकांना प्रश्नावली पाठवायची, उत्तरं लावून पाहायची, हाही त्यांचा नेम होता.

आता सरावाकडे येऊ, कारण या माणसाचं खरं काम तिथे आहे.

हंगामाच्या पहिल्या दिवशी पहिला धडा मोजे घालण्याचा. हे ऐकायला गमतीचं वाटतं, पण कारण साधं आहे. मोजा पायात सरळ ओढायचा, करंगळीजवळ आणि टाचेजवळ हात फिरवून एकही सुरकुती राहिली नाही हे पाहायचं. बूट चढवताना मोजा वरून धरून ठेवायचा, नाहीतर बूट त्याला आत ओढतो. नाडी एकेका भोकातून ओढत घट्ट करत वर यायचं, नुसती वरून खेचायची नाही. शेवटी दुहेरी गाठ. सुरकुती राहिली की घासतं, घासलं की फोड येतो, फोड आला की दोन-तीन दिवस सराव बुडतो आणि आला तरी मुलगा पाय जपत धावतो. बुटाचं मापही ते पुन्हा घ्यायला लावायचे. बरीच मुलं एक माप मोठा बूट घालून येत. मोठ्या बुटात पाय पुढे सरकतो, आणि अचानक थांबताना बोटं आदळतात. आजही आपल्याकडच्या कितीतरी कॉलेज संघांत मुलं ‘पुढे चालतील’ म्हणून मोठे बूट घेतात आणि मग पहिल्या आठवड्यातच फोडांवर पट्ट्या लावत बसतात.

कार्डावरचा क्रम साधारण असा. आधी हलकं धावणं, वेग आणि दिशा बदलणं, चेंडूशिवाय उडी मारून शॉट घेण्याची आणि रिबाउंडची (हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडण्याची) नक्कल. मग चेंडू हाताळणं आणि पासिंग. त्यानंतर तिघांचा फास्ट ब्रेक (बचाव जमायच्या आत झटपट हल्ला), तिघांविरुद्ध दोघे. मग गार्ड (बाहेरून चेंडू खेळवणारे) एकीकडे, फॉरवर्ड आणि सेंटर (बास्केटजवळ खेळणारे उंच खेळाडू) दुसरीकडे. मग अर्ध्या कोर्टवर पाच विरुद्ध पाच, शेवटी पूर्ण कोर्ट. नवीन गोष्ट शिकवायची तर सरावाच्या सुरुवातीला, मुलं ताजी असताना. बहुतेक ड्रिलं पाच ते दहा मिनिटांची. मुलांना अजून करावंसं वाटत असतानाच शिट्टी वाजायची. एकच ड्रिल वीस मिनिटं चालवलं की शेवटची दहा मिनिटं मुलं चुकीची सवय पक्की करतात.

दमसास वाढवायला वेगळ्या फेऱ्या नाहीत. ड्रिलच इतक्या वेगात की त्यातच दम वाढतो. शिक्षा म्हणूनही फेऱ्या नाहीत. काम मनापासून होत नसेल तर सराव बंद करून सगळ्यांना घरी पाठवीन, ही धमकी पुरायची. फ्री थ्रोचा सराव मधेमधे विखुरलेला असायचा. पाच विरुद्ध पाचमधून बाहेर आलेल्याने बाजूच्या बास्केटवर ठरलेले फ्री थ्रो सलग टाकायचे आणि मगच परत आत यायचं. सामन्यात फ्री थ्रो धापा टाकतानाच घ्यायचा असतो, म्हणून सरावातही तो तसाच.

१९७४-७५ मध्ये, म्हणजे त्यांच्या शेवटच्या हंगामात, रोलंड थार्प आणि रोनाल्ड गॅलिमोर या दोन मानसशास्त्रज्ञांनी त्यांचे १५ सराव बसून नोंदवले. शिकवण्याच्या २,३२६ कृती मोजल्या. त्यांतल्या निम्म्या, ५०.३ टक्के, नुसत्या सूचना होत्या: काय करायचं, कसं करायचं. कौतुक सुमारे ७ टक्के, रागावणंही जवळपास तेवढंच. सूचना आखूड. चूक दिसली की खेळ थांबवून आधी बरोबर करून दाखवायचं, मग मुलाने केलेली चूक करून दाखवायची, मग पुन्हा बरोबर. हे सगळं तीन सेकंदांच्या आसपास. लगेच खेळ सुरू. बहुतेक प्रशिक्षक इथे चुकतात. शिट्टी वाजवतात, दोन मिनिटं भाषण देतात, मुलांचं अंग थंड होतं, आणि नेमकं काय बदलायचं ते कुणालाच कळलेलं नसतं. ‘जोर लावा’ ही सूचना नाही. ‘डावा पाय पुढे, खांदा खाली, मग पास’ ही सूचना.

आक्रमणाचा पाया हाय पोस्ट, म्हणजे फ्री थ्रो रेषेजवळ उभा सेंटर. त्यातला एक कट (बास्केटकडे अचानक घेतलेली धाव) आजही जगभर ‘यूसीएलए कट’ नावाने शिकवतात. सेंटर फ्री थ्रो रेषेच्या कोपऱ्यावर उभा. गार्ड बाजूला विंगवर फॉरवर्डला पास देतो, बाहेरच्या दिशेने एक पाऊल टाकून आपल्या बचावपटूला हलवतो आणि मग सेंटरच्या खांद्याला खांदा घासत थेट बास्केटकडे कापतो. बचावपटू सेंटरवर अडकला तर पास आणि लेअप (बास्केटला लागून घेतलेला सोपा शॉट). नाही अडकला तर गार्ड खाली बास्केटशेजारी, ब्लॉक नावाच्या खुणेजवळ थांबून चेंडू मागतो, आणि सेंटर बाहेर पाऊल टाकून चेंडू घेऊन खेळ दुसऱ्या बाजूला वळवतो. फसतं ते तीन कारणांनी. पहिलं, गार्ड आणि सेंटरमध्ये हातभर जागा राहते आणि बचावपटू त्यातून निसटतो. दुसरं, पास देणारा सुरुवातीपासूनच कापणाऱ्याकडे टक लावून बघतो. तिसरं आणि सर्वांत जास्त घडणारं: पलीकडच्या बाजूचे दोघे नुसते उभे राहतात, मग त्यांचे बचावपटू मोकळे होऊन मदतीला येतात.

१९६४ चं पहिलं विजेतेपद मात्र बचावावर आलं. त्या संघाच्या पहिल्या पाचात साडेसहा फूट उंचीचा एकही नव्हता. सहायक प्रशिक्षक जेरी नॉर्मन मागे लागले होते की पूर्ण कोर्टभर २-२-१ झोन प्रेस (आपापली जागा राखत समोरच्याला त्याच्या टोकापासूनच दाबणारा बचाव) लावू. वुडन यांनी पूर्वी प्रेस वापरला होता, यूसीएलएमध्ये मात्र बाजूला ठेवला होता. त्यांनी नॉर्मनचं ऐकलं. नॉर्मन हे त्यांचेच जुने खेळाडू, आणि खेळत असताना वुडन यांनी त्यांना काही दिवस संघाबाहेरही काढलं होतं. अशा वाद घालणाऱ्या माणसाला सहायक म्हणून ठेवणं हा मला या कारकिर्दीतला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो.

प्रेस असा चालायचा. बास्केट झाली की पुढे दोघे, गेल गुडरिच आणि सेंटर फ्रेड स्लॉटर. मधे वॉल्ट हॅझर्ड आणि जॅक हर्श. शेवटी एकटा कीथ एरिक्सन, जो व्हॉलीबॉलही इतकं चांगलं खेळायचा की त्याच वर्षी टोकियो ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या व्हॉलीबॉल संघात होता. आत येणारा पहिला पास येऊ द्यायचा. मग चेंडूवाल्याला मधून जाऊ न देता बाजूच्या रेषेकडे ढकलायचं. मधल्या रेषेच्या आधी पुढचा आणि मधला मिळून दोघांनी कोंडायचं, गुडघ्याला गुडघा जवळ, हात वर. वर हात असले की चेंडूवाल्याला उंच, हळू पास द्यावा लागतो, आणि तो पास मधला दुसरा किंवा मागचा एरिक्सन उचलतो. चेंडूवर हात मारायचा नाही, फाउल जातो. चेंडू चोरण्यापेक्षा समोरच्याला त्याच्या सवयीपेक्षा वेगात खेळायला लावायचं, हा हेतू होता. बिघडतं कुठे? कोंडणाऱ्या दोघांत फट राहिली की ड्रिबल मधून निघून जातो. मागचा खेळाडू लोभाने लवकर पुढे आला की एका लांब पासवर सोपी बास्केट. आणि पहिल्या दहा मिनिटांत फळ दिसलं नाही म्हणून प्रेस सोडणं ही प्रशिक्षकाची चूक. त्याचा परिणाम साचत जातो, पाय दमल्यावर दिसतो.

कॅन्सस सिटीतल्या अंतिम सामन्यात ड्यूककडे ६ फूट १० इंचांचे दोघे होते. ड्यूक ३०-२७ पुढे होता. मग सुमारे अडीच मिनिटांत यूसीएलएने सलग १६ गुण केले. ९८-८३ ने सामना आणि ३०-० ने हंगाम. बदली खेळाडू केनी वॉशिंग्टनने २६ गुण केले. आपल्याकडच्या आंतरविद्यापीठ स्पर्धांच्या प्रशिक्षकांनी एक फरक ध्यानात घ्यावा: तिथे चेंडू मधल्या रेषेपलीकडे न्यायला दहा सेकंद होते, फिबा या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत आठ आहेत, आणि आपल्याकडे २४ सेकंदांचं शॉट क्लॉकही (शॉट घ्यायची वेळमर्यादा) आहे, जे वुडन यांच्या काळात कॉलेजमध्ये नव्हतंच. म्हणजे आज प्रेसने नुसते पाच-सहा सेकंद खाल्ले तरी समोरच्याचं आक्रमण अर्धवट राहतं.

मग आला लू अल्सिंडोर, पुढचा करीम अब्दुल-जब्बार. तेव्हा पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघात खेळायची परवानगी नव्हती. नोव्हेंबर १९६५ मध्ये त्याच्या पहिल्या वर्षाच्या संघाने सलग दोनदा विजेत्या ठरलेल्या मुख्य संघाला ७५-६० ने हरवलं. पुढच्या वर्षी वुडन यांनी आपला लाडका हाय पोस्ट बाजूला ठेवून आक्रमण लो पोस्टभोवती, म्हणजे बास्केटजवळ उभ्या सेंटरभोवती बांधलं. पंचावन्नाव्या वर्षानंतर स्वतःची पद्धत बदलणं सोपं नसतं. जानेवारी १९६८ मध्ये ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये ५२,६९३ प्रेक्षकांसमोर ते ह्यूस्टनकडून ७१-६९ ने हरले. एल्विन हेजने ३९ गुण केले होते. मार्चमध्ये उपांत्य फेरीत पुन्हा गाठ पडली. लिन शॅकलफर्डला फक्त हेजच्या मागे लावलं, बाकी चौघांचा डायमंड झोन (हिऱ्याच्या आकारात आपापली जागा राखणं). हेज १० गुणांवर थांबला, निकाल १०१-६९. ही कल्पनाही नॉर्मन यांची.

या पद्धतीला किंमतही होती. सामन्यात सरावातलंच बाहेर येईल, बाकावरून फार हलवाहलव नको, ही त्यांची धारणा, म्हणून टाइमआउट घ्यायला ते नाखूश असत. १९ जानेवारी १९७४ ला नोत्र दामविरुद्ध सुमारे साडेतीन मिनिटं उरली असताना ११ गुणांची आघाडी होती. समोरच्यांनी सलग १२ गुण केले, ७१-७०, आणि ८८ विजयांची मालिका तुटली. त्याच वर्षी उपांत्य फेरीत नॉर्थ कॅरोलिना स्टेटविरुद्ध दुसऱ्या जादा वेळेत सात गुणांची आघाडी गेली. घाबरलेल्या पाच मुलांना तीस सेकंद श्वास घ्यायला देणं हेही शिकवणंच आहे, आणि इथे वुडन कमी पडले असं मला वाटतं.

आणखी दोन गोष्टी प्रामाणिकपणे मांडायला हव्यात. त्या काळी राष्ट्रीय स्पर्धेत २२ ते २५ संघ असत आणि यूसीएलएला विजेतेपदासाठी बहुधा चारच सामने जिंकावे लागत. आज ६८ संघ आणि सहा सामने आहेत. दुसरी, सॅम गिल्बर्ट हे श्रीमंत बांधकाम व्यावसायिक खेळाडूंच्या फार जवळ होते. १९८१ मध्ये कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएएने यूसीएलएवर कारवाई केली आणि गिल्बर्ट यांच्याशी संबंध तोडायला सांगितलं. वुडन यांच्या हंगामांना त्याचा धक्का लागला नाही, पण मुख्य प्रशिक्षकाचं लक्ष कोर्टाबाहेरही असावं लागतं, आणि तिथे ते कमी होतं.

डिसेंबर १९७२ मध्ये त्यांना हृदयविकाराचा सौम्य झटका आला. मार्च १९७५ मध्ये लुइव्हिलविरुद्धची उपांत्य फेरी जादा वेळेत ७५-७४ ने जिंकल्यावर त्यांनी खोलीत मुलांना सांगितलं की पुढचा सामना शेवटचा. तो सॅन दिएगोत केंटकीविरुद्ध ९२-८५ ने जिंकला. त्यांचा पगार यूसीएलएमध्ये कधीच वर्षाला ३५,००० डॉलरच्या वर गेला नाही. त्यांच्यानंतर आलेल्या जीन बार्टो यांनी दोन हंगामांत ६१ पैकी ५२ सामने जिंकले, तरी लोकांची तुलना थांबेना, म्हणून ते सोडून गेले. यूसीएलएला पुढचं विजेतेपद मिळायला १९९५ उजाडलं.

ज्यांच्या हातात जूनपासून एखाद्या कॉलेजचा संघ येणार आहे, त्यांनी प्रेस किंवा कटच्या आधी कार्डापासून सुरुवात करावी. पहिल्या आठवड्यात फक्त वेळ लिहा: ४.०० ते ४.०६, ४.०६ ते ४.१४. शेजारी त्या ड्रिलला लागणारे चेंडू आणि मुलांच्या जोड्या. सराव संपल्यावर प्रत्यक्ष किती मिनिटं लागली ते दुसऱ्या रंगाने लिहा. पहिले चार-पाच दिवस दोन्ही आकडे जुळणार नाहीत, आणि बहुतेक वेळ ड्रिल बदलताना गेलेला दिसेल. तो बदल वीस सेकंदांत आणेपर्यंत नवं काही शिकवायला घेऊ नका.